खिशातल्या तीन बॅटऱ्या

नंदकुमार गमरे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पावणे गावातल्या एका कारखान्यात तपासनीस होता. कारखाना लहान, पंपांचे सुटे भाग बनवणारा. लेथवरून उतरलेला प्रत्येक नग त्याच्या टेबलावर यायचा. तो मापात आहे का हे बघून नंदकुमार त्यावर हिरव्या किंवा लाल खडूची खूण करायचा. नऊ वर्षांत त्याने हिरवी खूण केलेला एकही नग गिऱ्हाइकाकडून परत आला नव्हता. हे तो स्वतः कधी सांगत नसे, पण बाकीचे सांगायचे तेव्हा त्याला बरं वाटायचं.

१९८५ सालच्या जानेवारीत बाजीराव त्याच्याकडे बॅटरीचं काम घेऊन आला. बाजीराव त्याच कारखान्यात फिटर होता आणि नेरूळला त्याच्याच इमारतीत राहायचा. नेरूळला तेव्हा नुकती वस्ती होत होती. इमारती उभ्या राहिल्या होत्या, रस्त्याच्या कडेला दिव्यांचे खांबही उभे राहिले होते, पण त्यांच्यात दिवे नव्हते. बसथांब्यापासून घरापर्यंत वीस मिनिटांची वाट, आणि वाटेत गटारांवर अजून फरशा पडायच्या होत्या. संध्याकाळी येताना बाजीराव अशाच एका गटारात गेला आणि गुडघा फोडून घेतला.

"घरात मोठी बॅटरी हाय," तो नंदकुमारला म्हणाला, "पन ती खुंटीला ऱ्हाते. बरोबर नेली तर डब्याच्या पिशवीत खाली जाते. खिशात ऱ्हानारी पायजे. पेनासारखी. रोज असली तरी जड वाटता नये."

त्यांच्या भागातले सात जण कारखान्यात होते. सगळ्यांनी मिळून एकच जातीची घ्यायची ठरलं, म्हणजे बल्ब आणि सेल अडीअडचणीला एकमेकांचे चालतील.

"तू हिरवी खूण कर," बाजीराव म्हणाला. "मग आमी घेतो."

नंदकुमारने ते काम कारखान्यातल्या कामासारखंच अंगावर घेतलं. वाशीच्या एका दुकानदाराने ओळखीवर दोन बॅटऱ्या बघायला दिल्या. एक पितळी, वर चकचकीत मुलामा दिलेली, दोन पेन्सिल सेलवर चालणारी. दुसरी काळ्या प्लास्टिकची, चपटी, पाठीला क्लिप असलेली. तिसरी बाजीरावच्या मेहुण्याने आखातातून आणली होती, अॅल्युमिनियमची, बोटाएवढी; तसल्या हव्या तेवढ्या आणतो म्हणाला होता.

त्याने प्रत्येकीला एक आठवडा शर्टाच्या खिशात ठेवलं. वहीत तीन रकाने आखले. पितळीचं वजन खिसा खाली ओढायचं, आणि वाकलं की ती बाहेर पडायची. प्लास्टिकच्या बॅटरीची क्लिप खिशाला नीट धरायची, पण बसच्या गर्दीत बटण आपोआप दाबलं जायचं आणि घरी पोचेपर्यंत सेल निम्मे उतरलेले असायचे. अॅल्युमिनियमची खिशात आहे हेही कळायचं नाही. दोन्ही हातांत सामान असलं तर ती दातांत धरता येत होती. त्याने तिन्ही बॅटऱ्या कंबरेच्या उंचीवरून जिन्यात टाकून बघितल्या. बादलीत बुडवून काढल्या. चालताना बल्ब ढिला होतो का, हे बघायला तो गच्चीवर एक एक तास येरझाऱ्या घालायचा.

"लग्नाला मुलगी बघताना इतकं बघितलं नव्हतं," जयमाला म्हणाली.

जयमाला त्याची बायको. खेडजवळच्या गावची, सातवी शिकलेली, कमी बोलणारी. घरात ती दोघं, नंदकुमारची आई केशरबाई आणि अडीच वर्षांची स्मिता. दोन खोल्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली केशरबाईची ट्रंक आणि तिच्यावर स्मिताची लाकडी गाडी.

शेवटची तपासणी उजेडाची राहिली होती. कोणाचा झोत किती लांब जातो, मधे काळा ठिपका पडतो का, कडा कशी आहे. त्यासाठी अंधार हवा होता आणि सवडही हवी होती. म्हणून त्याने रविवारची दुपार धरली. जेवणं झाल्यावर खिडकीला दोन चादरी लावल्या, दाराच्या फटीत सतरंजी सरकवली. खोली बऱ्यापैकी काळोखी झाली. केशरबाई आतल्या खोलीत झोपली होती. जयमाला भिंतीला टेकून मेथी निवडत बसली होती.

"आता मला काय दिसतं?" ती म्हणाली.

"दहा मिनिटं. मग काढतो."

त्याने पितळी बॅटरी लावली. भिंतीवर पिवळा गोल पडला, मधोमध एक काळा डाग. त्याने वहीत लिहिलं. मग प्लास्टिकची. गोल पसरट, कडा फाटलेल्या. स्मिता उठली आणि तो गोल पकडायला भिंतीकडे धावली. नंदकुमारने गोल हलवला. ती हसत मागे धावली. त्याने तो तिच्या पोटावर आणला, तेव्हा ती पोटावर हात मारून घेऊ लागली.

मग त्याने अॅल्युमिनियमची घेतली. तिचा झोत बारीक आणि सरळ होता. त्याच रेषेत बघावं म्हणून त्याने ती गालाला लावून धरली, जसा तो नळीचं भोक तपासताना डोळा लावायचा. स्मिता वळली आणि त्याच्याकडे बघू लागली.

तिचा डावा डोळा नेहमीसारखा होता. उजव्या डोळ्यातली बाहुली पांढरी होती.

ती चमक नव्हती. बाहुलीच्या जागी आत काहीतरी पांढरट, पिवळसर दिसत होतं, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखं. नंदकुमारने बटण सोडलं, परत दाबलं. पांढरंच.

पहिल्यांदा त्याच्या मनात आलं ते असं, की या बॅटरीच्या काचेत खोट आहे. तो खरोखर तसंच समजला. त्याने ती खाली ठेवली आणि पितळी उचलली. गालाला लावली.

"स्मिता, इकडे बघ."

तिने बघितलं. डावा काळा, उजवा पांढरा.

त्याने प्लास्टिकची घेतली. तेच दिसलं. तीन वेगळी उपकरणं आणि तिन्हींचं माप एक, म्हणजे चूक उपकरणात नाही. हे त्याला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती.

"जयमाला, तू जरा इकडे बघ."

"काय झालं?"

"नुसतं बघ."

तिच्या दोन्ही बाहुल्या काळ्या होत्या. तो उठला, दार उघडून समोरच्या घरी गेला आणि शेजारच्या यशोदाबाईंच्या नातवाला कडेवर घेऊन आला. तो स्मिताहून थोडा मोठा. त्यालाही त्याच जागी उभं केलं. दोन्ही काळ्या. यशोदाबाई दारात उभ्या राहून विचारत होत्या, काय खेळ चाललाय, पण ते त्याच्या कानापर्यंत पोचलंच नाही.

नातू गेल्यावर त्याने खिडकीवरच्या चादरी काढल्या. लख्ख ऊन आत आलं. त्या उजेडात स्मिताचा डोळा पुन्हा अगदी साधा दिसू लागला आणि क्षणभर त्याला वाटलं, संपलं, काही नव्हतं. मग त्याने तिला मांडीवर घेतलं आणि तिची लाकडी गाडी तिच्यापुढे धरली. आपल्या तळव्याने तिचा उजवा डोळा झाकला. तिने गाडी घेतली, चाक फिरवलं, तोंडाने आवाज काढला. तळवा आहे याकडेही तिचं लक्ष नव्हतं.

मग त्याने डावा झाकला.

स्मिता थांबली. गाडी हातातून पडली. तिने दोन्ही हात पुढे केले आणि हवेत फिरवले, मग त्याचा तळवा ओरबाडून काढला आणि रडायला लागली.

नंदकुमार तिला थोपटत राहिला. किती वेळ ते त्याला सांगता आलं नसतं. समोर जयमाला बसली होती, मेथीची जुडी तशीच हातात.

"तिला उजव्यानं दिसत नाही," तो म्हणाला.

जयमालाने मेथीची जुडी खाली ठेवली.

"ऐकलंस का? डोळ्यात काहीतरी आहे. पांढरं."

"मी बघितलंय," ती म्हणाली.

त्याने मान वर केली.

"कधी?"

"डिसेंबरच्या सुरुवातीला. लाइट गेल्यावर कंदील लावते ना, तेव्हा. एका बाजूनं बघितलं की चमकायचा. मी आईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मांजरीवानी चमकतो, नशिबाची हाय पोर. थोडी तिरळी बघते तेही चांगलं म्हणाल्या."

"दोन महिने?"

"दिवसा दिसायचा नाही. मला वाटलं, मलाच काहीतरी दिसतंय."

तो उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला, पेल्यात पाणी ओतलं, आणि पेला खाली ठेवून रिकामा तांब्या तोंडाला लावला. जयमालाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

सोमवारी त्याने रजा टाकली. वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टरने स्मिताच्या डोळ्यांत थेंब घातले, तासभर बसवलं आणि मग आत बघितलं. बघताना तो बोलत होता, मुलीला गाडीचं, चिऊचं काही सांगत होता. मधेच बोलायचा थांबला.

"उद्या मुंबईला जा," त्याने चिठ्ठी लिहीत सांगितलं. "परवा नाही. उद्याच."

"काय आहे?" नंदकुमारने विचारलं.

"आत गाठ आहे. तिथले लोक नक्की सांगतील."

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात स्मिताला भूल देऊन तपासलं. तिथल्या डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या होत्या, केस पिकलेले, आवाज हलका. त्यांनी दोघांना बाकावर बसवलं आणि स्वतः समोर स्टुलावर बसल्या.

"डोळ्याच्या आतल्या पडद्यावर कॅन्सरची गाठ आहे," त्या म्हणाल्या. "लहान मुलांनाच होते ही. उजवा डोळा जवळजवळ भरलाय. डावा स्वच्छ आहे. उजवा काढावा लागेल."

नंदकुमारने 'काढावा' हा शब्द ऐकला. गाठ काढायची असं त्याला वाटलं.

"गाठ काढल्यावर दिसेल तिला?"

"गाठ नाही, डोळा. पूर्ण डोळा काढायचा."

खिडकीबाहेर कोणीतरी लोखंडी खाट ओढत नेत होतं. त्याला तो आवाज फार मोठा वाटला. कॅन्सर मोठ्या माणसांना होतो, तंबाखू खाणाऱ्यांना होतो, हे त्याला माहीत होतं. अडीच वर्षांच्या पोरीला, जिला अजून नीट 'बॅटरी' म्हणता येत नव्हतं, तिला होतो हे त्याने कधी ऐकलंच नव्हतं.

"बाई, परत एकदा बघाल का?" तो म्हणाला. "आमच्याकडे नग बाद करायच्या आधी दोनदा मोजतात."

"आम्ही तिघांनी बघितलं," त्या म्हणाल्या. "वेगवेगळं बघितलं. मीही तुमच्यासारखीच आहे. एकदा बघून मी असं सांगत नाही."

त्यांनी कागद पुढे केला. आईवडिलांपैकी एकाची सही लागत होती. नंदकुमारने पेन घेतलं. रोज शंभर नगांवर खूण करणारा माणूस तो. पेन कागदाला टेकलं आणि तिथेच राहिलं. शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"घरी आईला विचारून येतो," तो म्हणाला.

घरी केशरबाईने ऐकलं आणि ती जमिनीवर बसली. बराच वेळ तिला ते समजतच नव्हतं. मग म्हणाली, "पोरीचा डोला काढताव? जित्या पोरीचा? मोठी झाल्यावर तिला कोन करील? गावाला एक म्हातारा हाय, झाडपाल्याचं देतो. म्हयनाभर बघू."

"महिनाभर बघू," नंदकुमारही म्हणाला. त्याला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. त्याने आयुष्यात कधी डोळ्यांसमोरची खोट दिसत असताना 'बघू' म्हटलं नव्हतं.

जयमाला चुलीशी होती. ती बाहेर आली, हात पुसले.

"मी दोन महिने बघितलं," ती म्हणाली. "आता नाही बघायचं."

ती सासूशी असं कधी बोलली नव्हती. केशरबाई तिच्याकडे बघत राहिली आणि मग तोंडात पदर कोंबून रडली. नशिबाची हाय, हे शब्द आपलेच, हे तिला त्या वेळी आठवलं असावं, कारण त्यानंतर तिने झाडपाल्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयमालाने सही केली. सातवीतली अक्षरं, एकेक सुटं. नंदकुमार शेजारी उभा होता.

शस्त्रक्रियेला तास लागला. स्मिताला बाहेर आणलं तेव्हा अर्ध्या तोंडावर पट्टी होती आणि उरलेला गाल झोपेत असतो तसा सैल होता. तिला बघून नंदकुमारच्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते त्याने पुढे कित्येक वर्षं कोणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, आपण त्या रविवारी चादरी लावल्या नसत्या, तर आत्ता ही घरी खेळत असती. ते खोटं आहे हे त्याला कळत होतं, तरी ते जाईना.

काढलेला डोळा तपासायला गेला होता. गाठ मागच्या नसेपर्यंत पोचली आहे का, ते आठ दिवसांनी कळणार होतं. जयमाला इस्पितळात राहिली. नंदकुमार तिसऱ्या दिवशी कामावर गेला, कारण रजा उरली नव्हती. बाजीरावने त्याच्या डब्याशेजारी डबा उघडला. बॅटरीचा विषय कोणीच काढला नाही. शेवटी नंदकुमारनेच खिशातून वही काढली.

"तिसरी घ्या," तो म्हणाला. "अॅल्युमिनियमची. वजनाला हलकी. बटण आपोआप लागत नाही. झोत सरळ आहे, रेषेत धरली तर आतपर्यंत..."

त्याने वही मिटली. बाजीराव आपल्या डब्यातली भाकरी मोडत राहिला, खाल्ली नाही. त्या दिवशी नंदकुमारच्या टेबलावर आलेला एक अख्खा खोका त्याने खूण न करता तसाच ठेवला, आणि साहेबांनी काही विचारलं नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं.

"नस स्वच्छ आहे," त्या म्हणाल्या. "पुढे गेलेलं नाही."

वाईट बातमी ऐकून नंदकुमार आपल्या पायांनी चालत बाहेर पडला होता. चांगली ऐकताना मात्र तो भिंत धरून खाली फरशीवर बसला. एका आयाने त्याला चक्कर आली समजून पाणी आणलं.

डॉक्टरीणबाईंनी पुढचं सांगितलं. दीड महिन्याने खोटा डोळा बसवता येईल, मुलगी वाढेल तसा तो बदलावा लागेल. डावा डोळा मात्र दर तीन महिन्यांनी तपासायला आणायचा, एकही खेप चुकवायची नाही. (पुढे त्यांनी एकही चुकवली नाही. स्मिता शाळेत जाऊन दुसरी-तिसरीत पोचेपर्यंत त्या खेपा चालू राहिल्या आणि डावा डोळा प्रत्येक वेळी स्वच्छ निघाला.)

निघताना जयमाला दारात थांबली.

"बाई, मी दोन महिन्यांपूर्वी आणली असती तर?"

नंदकुमारने चटकन तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न तो रोज गिळत होता.

डॉक्टरीणबाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "डोळा बहुतेक तेव्हाही वाचला नसता," त्या म्हणाल्या. "पण अजून दोन-चार महिने गेले असते, तर मुलगी राहिली असती का, सांगता आलं नसतं."

बस खाडीच्या पुलावर आली तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. पाणी ओसरलेलं, दोन्ही बाजूंना चिखल चमकत होता. स्मिता दोघांच्या मधे बसली होती, उजवीकडे, पट्टीच्या बाजूला, जयमाला, डावीकडे नंदकुमार.

"बहुतेक म्हणाल्या," जयमाला म्हणाली.

"हो."

"म्हणजे त्यांनाही नक्की माहीत नाही."

"नाही," तो म्हणाला. खोटं बोलून तिला बरं वाटेल असं काही सुचलं असतं तर त्याने कदाचित बोलूनही टाकलं असतं. पण सुचलं नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सही तू केलीस. मला जमली नव्हती. मी म्हाताऱ्याकडे घेऊन गेलो असतो तिला."

जयमाला पुलाखालच्या पाण्याकडे बघत राहिली.

स्मिता जागी होती. ती डावीकडे बापाकडे बघून घ्यायची, मग मान तशीच ठेवून उजवा हात बाजूला नेऊन चाचपायची, आई आहे का बघायला. हाताला साडी लागली की थांबायची. थोड्या वेळाने पुन्हा चाचपायची. जयमालाने ते दोन-तीनदा बघितलं. मग ती चालत्या बसमध्ये उठली, दांडा धरला, आणि नंदकुमारला म्हणाली, "तुम्ही इकडे सरका."

तो तिच्या जागेवर सरकला. ती स्मिताच्या डाव्या बाजूला येऊन बसली. स्मिताने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि हात मांडीवर घेतला.